स्विच आणि ऑटो आयपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सियागंजातली दुकानं, भंवरकुव्याचे कोचिंग क्लास, सांवेर रोडचे छोटे कारखाने, तिलकनगर-सुदामानगरातली घरगुती ऑफिसं. इंदुरातल्या अशाच ठिकाणांहून नेटवर्क स्विचबद्दल, म्हणजे अनेक मशीन केबलने एका नेटवर्कात जोडणाऱ्या डब्याबद्दल, येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आमच्याकडे डीएचसीपीला, म्हणजे मशीनला नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) आपोआप मिळण्याच्या पद्धतीला, सगळे 'ऑटो आयपी' आणि हाताने टाकलेल्या पत्त्याला 'फिक्स आयपी' म्हणतात, मीही तेच शब्द वापरलेत. कमांड सिस्को पद्धतीच्या आहेत आणि उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. स्विचवर त्या इंग्रजी स्पेलिंगनेच टाइप करा. दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर मेनूची जागा बदलेल, नावं साधारण हीच असतात.

१. लॅपटॉपला केबल लावली की आयपी आपोआप येतो. तो येतो कुठून?

लॅपटॉपला तेव्हा स्वतःचा पत्ताही नसतो आणि कुणाला विचारायचं तेही ठाऊक नसतं. म्हणून तो अख्ख्या नेटवर्कला ऐकू जाईल अशी हाक मारतो: डिस्कव्हर. पत्ते वाटणारा सर्व्हर एक पत्ता पुढे करतो: ऑफर. लॅपटॉप म्हणतो, हाच द्या: रिक्वेस्ट. सर्व्हर नोंद करून होकार देतो: अ‍ॅक. सर्व्हर यूडीपी ६७ पोर्टवर ऐकतो, मागणारा ६८ वर (हे पोर्ट म्हणजे नुसते क्रमांक, केबल लावायची भोकं नव्हेत). पत्त्याबरोबर सबनेट मास्क (आपलं नेटवर्क केवढं ते), गेटवे (बाहेर जायच्या दाराचा पत्ता), डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा) आणि हा पत्ता किती वेळ वापरायचा ती मुदत, म्हणजे लीज, असं सगळं मिळतं. १९९३ साली ही पद्धत प्रथम लिहिली गेली आणि मार्च १९९७ मध्ये आलेल्या आरएफसी २१३१ या नियमांच्या दस्तऐवजामधलं तिचं रूप मुळात आजही तेच आहे.

पहिली हाक सर्वांना उद्देशून असते आणि ती राउटर ओलांडून पलीकडे जात नाही, एवढं लक्षात ठेवा. खालचे अर्धे प्रश्न त्यातूनच निघतात.

२. नेटवर्कवाले भैया 'स्विचवर डीएचसीपी चालू करून घ्या' एवढंच सांगून गेले. म्हणजे नक्की काय चालू करायचं?

त्यांना परत फोन करून विचारा, कारण याचे चार अर्थ होतात आणि चारही कामं वेगळी आहेत. स्विचने स्वतःसाठी पत्ता मागून घ्यायचा (प्रश्न ६). स्विचनेच इतरांना पत्ते वाटायचे (प्रश्न ८). वाटणारा दुसरीकडे बसलाय, स्विचने फक्त निरोप पोचवायचा (प्रश्न १३). किंवा भलत्याच कुणी पत्ते वाटू नयेत म्हणून स्विचने पहारा द्यायचा (प्रश्न १६). पहिल्याच्या जागी दुसरं चालू झालं तर आधीच राउटर असलेल्या ऑफिसात दोन वाटणारे तयार होतात आणि मग प्रश्न १५ मधला गोंधळ सुरू होतो.

३. दुकानात आठ पोर्टचा साधा स्विच आहे. त्यात हे जमेल का?

नाही. साध्या स्विचला आयपी कळतच नाही. कुठलं मशीन कुठल्या पोर्टवर आहे एवढं बघून तो माल पुढे ढकलतो. ज्याला लॉगिनचं पान नाही, कन्सोल पोर्ट (थेट केबल लावून सेटिंग करायची जागा) नाही, तो साधा स्विच. पण त्याच्यामुळे काही अडतही नाही. राउटर पत्ते वाटतो, साधा स्विच मधून ते जाऊ देतो. दहा-पंधरा मशीनच्या दुकानाला एवढं पुरतं, उगाच महागडा स्विच गळ्यात मारून घेऊ नका.

४. राउटर ऑटो आयपी देतोच आहे. मग ते काम स्विचकडे कशाला द्यायचं?

बहुतेक छोट्या ठिकाणी गरज नसते. दोन कारणांसाठी मी देतो. एक, व्हीएलॅन, म्हणजे एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं, केले असतील तर: ऑफिस वेगळं, कॅमेरे वेगळे, पाहुण्यांचा वायफाय वेगळा. कंपनीने फुकट दिलेल्या राउटरला एवढ्या नेटवर्कांना पत्ते वाटणं सहसा जमत नाही. दुसरं कारण आमच्याकडे जास्त वेळा येतं. नेट कंपनी बदलली की राउटर बदलतो, आणि राउटरबरोबर पत्त्यांची अख्खी रेंज बदलते. जिओचा डबा १९२.१६८.२९.१ वर बसतो, एअरटेलचा १९२.१६८.१.१ वर. नवा डबा लागला त्या दिवशी फिक्स आयपीचा प्रिंटर, हजेरीचं मशीन, कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डर) सगळे एकदम बेपत्ता. नेट तर येतंय, बिल का छापत नाही, म्हणून मालक हैराण. आतले पत्ते लेयर ३ स्विचने (एका नेटवर्कातून दुसऱ्यात माल पोचवू शकणाऱ्या) वाटले तर बाहेरची कंपनी कितीदाही बदला, आतल्या कुणाला कळतही नाही.

५. सुरुवात कुठून करू? स्विच हातात आहे, पासवर्ड आहे.

स्विच बाजूला ठेवा, कागद घ्या. मी बघितलेल्या बहुतेक भानगडी कमांड चुकल्यामुळे नव्हत्या, कागद न केल्यामुळे होत्या.

आधी रेंज निवडा. खासगी वापराला तीन राखीव आहेत: १०.०.०.० पासून, १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५, आणि १९२.१६८.०.०. यातल्या १९२.१६८.०.x आणि १९२.१६८.१.x या दोन मी टाळतोच. बाजारातली निम्मी यंत्रं फॅक्टरीतून हेच पत्ते घेऊन येतात: हिकव्हिजनचा कॅमेरा १९२.१६८.१.६४ वर, सीपी प्लसचा १९२.१६८.१.१०८ वर, बरीचशी हजेरीची मशीन १९२.१६८.१.२०१ वर. शिवाय कुणी घरून व्हीपीएन लावून, म्हणजे इंटरनेटवरून, ऑफिसच्या नेटवर्कात यायला लागला की त्याच्या घरची रेंजही तीच निघते आणि त्याचा लॅपटॉप ऑफिसच्या प्रिंटरला घरातच शोधत बसतो. १९२.१६८.१०.x घ्या, नाहीतर १०.२०.३०.x घ्या.

मग यादी करा. माझा नियम सोपा आहे: ज्याला इतर मशीन शोधत येतात त्याचा पत्ता कायम, जो दुसऱ्याला शोधत जातो त्याला ऑटो. टॅलीचं मुख्य मशीन, प्रिंटर, एनव्हीआर, हजेरीचं यंत्र, स्विच, वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट: कायम. लॅपटॉप, फोन, टीव्ही: ऑटो. कायम म्हणजे हाताने टाकलेला असो किंवा सर्व्हरवर नावाने राखलेला (प्रश्न १८), दोन्ही चालतं.

शेवटी पट्टे पाडा. उदाहरणार्थ १ गेटवेला, २ ते १० स्विचना, ११ ते ५० कायमवाल्यांना, ५१ ते २४० ऑटोला, वरचे शिल्लक. हा कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या वेळी येणारा भैया वेगळा असेल.

६. स्विचला स्वतःला ऑटो आयपी कसा मिळवून द्यायचा?

कन्सोल केबल लावून कॉन्फिग मोडमध्ये जा आणि:

'इंटरफेस व्हीलॅन १'
'आयपी अ‍ॅड्रेस डीएचसीपी'
'नो शटडाउन'

त्या व्हीएलॅनमधलं निदान एक पोर्ट चालू हवं. नाहीतर इंटरफेस उठतच नाही आणि तुम्ही बसता वाट बघत. पत्ता आला का ते 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' सांगेल.

कन्सोल नसलेल्या स्मार्ट स्विचवर हे ब्राउझरमधून होतं, पण तिथे पोचायला त्याचा मूळ पत्ता लागतो. टीपी-लिंकचे मॅनेज्ड स्विच बहुधा १९२.१६८.०.१ वर, डी-लिंक १०.९०.९०.९० वर, सिस्कोचे छोट्या ऑफिसवाले १९२.१६८.१.२५४ वर असतात. नेटगियर आधी ऑटो मागतो आणि कुणीच दिला नाही तर १९२.१६८.०.२३९ वर जाऊन बसतो. लॅपटॉपला त्याच रेंजमधला फिक्स आयपी द्या, बाकी सगळ्या केबल काढा, आत शिरा.

७. स्विचला ऑटोवर ठेवलं आणि उद्या पत्ता बदलला तर मी त्याला शोधू कुठे?

म्हणूनच स्विचला ऑटोवर ठेवायला मी तयार नसतो. पहिल्या दिवशी आत शिरायला ऑटो ठीक, नंतर फिक्स. ऑटोवरच ठेवायचा असेल तर सर्व्हरवर त्याच्यासाठी पत्ता राखून ठेवा. हरवलाच तर राउटरच्या क्लायंट यादीत स्विचच्या स्टिकरवरचा मॅक (यंत्राचा कारखान्यातून आलेला क्रमांक) शोधा. फिक्स करताना लेयर २ स्विचला (एका नेटवर्कातून दुसऱ्यात माल न पोचवणाऱ्या) 'आयपी डीफॉल्ट-गेटवे' द्यायला विसरू नका. ते नसेल तर त्याच व्हीएलॅनमधून तो दिसतो, दुसऱ्यातून दिसत नाही.

८. स्विचनेच सगळ्यांना ऑटो आयपी द्यायचे आहेत. क्रम काय?

प्रश्न ५ चा कागद समोर ठेवा. आधी न द्यायचे पत्ते सांगा, पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा) नंतर. उलट केलंत तर मधल्या मिनिटभरात एखादा फोन टॅलीच्या मशीनचा पत्ता घेऊन मोकळा होतो.

'आयपी डीएचसीपी एक्सक्लुडेड-अ‍ॅड्रेस १९२.१६८.१०.१ १९२.१६८.१०.५०'
'आयपी डीएचसीपी एक्सक्लुडेड-अ‍ॅड्रेस १९२.१६८.१०.२४१ १९२.१६८.१०.२५४'
'आयपी डीएचसीपी पूल ऑफिस'
'नेटवर्क १९२.१६८.१०.० २५५.२५५.२५५.०'
'डीफॉल्ट-राउटर १९२.१६८.१०.१'
'डीएनएस-सर्व्हर ८.८.८.८'
'लीज १'

आता दोन गोष्टी ज्या राहून जातात. ज्या व्हीएलॅनला पत्ते द्यायचे त्याच्या इंटरफेसवर त्याच रेंजमधला पत्ता हवा, कारण हाक कुठल्या इंटरफेसवर आली ते बघूनच स्विच पूल निवडतो. तो नसेल तर पूल कितीही सुंदर लिहा, एकही पत्ता सुटणार नाही. दुसरं, 'राइट मेमरी'. ते केलं नाही तर पुढच्या वेळी लाइट गेली की सगळं गेलं.

नंतर राउटरवरचा डीएचसीपी बंद करा. दोन्ही एकत्र ठेवायचे नाहीत.

९. सगळं नीट केलं, तरी १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी येतोय. हा कोण देतो?

कुणीच देत नाही. हाक मारून उत्तर आलं नाही की संगणक स्वतःच त्या राखीव पट्ट्यातला एक पत्ता उचलतो. म्हणजे प्रश्न 'चुकीचा आयपी का आला' असा नसून 'उत्तर का आलं नाही' असा आहे.

मी असा शोधतो. त्याच लॅपटॉपला हाताने रेंजमधला मोकळा आयपी देतो आणि गेटवेला पिंग करतो, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते बघतो. पिंग गेला नाही तर डीएचसीपीचा संबंधच नाही. केबल बघा, क्लिप बघा, आणि सगळ्यात आधी पोर्ट कुठल्या व्हीएलॅनमध्ये आहे ते बघा. नव्या टेबलासाठी ओढलेली केबल मोकळ्या दिसलेल्या पोर्टात खुपसली जाते, आणि ते पोर्ट नेमकं कॅमेऱ्यांच्या व्हीएलॅनमध्ये असतं.

पिंग गेला तर वाटणाऱ्याकडे जा. 'शो आयपी डीएचसीपी पूल' मध्ये पत्ते शिल्लक आहेत का? नसतील तर प्रश्न १२. 'शो आयपी डीएचसीपी कॉन्फ्लिक्ट' मध्ये रांग लागलीय का? असेल तर प्रश्न १७. सर्व्हर दुसऱ्या व्हीएलॅनमध्ये आहे का? मग १३ आणि १४. काल कुणी स्नूपिंग (प्रश्न २ मधला पहारा) चालू केलं का? मग १६. आणि तपासून झाल्यावर लॅपटॉप परत ऑटोवर टाका. हे विसरलं की तो लॅपटॉप घरी गेल्यावर 'घरचं नेट बिघडलं' म्हणून दुसरा फोन येतो.

१०. आयपी येतो, पण केबल लावल्यावर अर्धा मिनिट थांबावं लागतं.

स्पॅनिंग ट्री. पोर्ट जिवंत झाल्यावर लूप (माल गोल-गोल फिरत राहणं) तर होत नाही ना, हे बघायला जुन्या पद्धतीत पंधरा अधिक पंधरा सेकंद जातात आणि तेवढ्यात लॅपटॉपची हाक वाया जाते. संगणक-प्रिंटरच्या पोर्टवर 'स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट' द्या. दुसरा स्विच जोडलेल्या पोर्टवर मात्र देऊ नका.

११. लीज किती ठेवायची?

सिस्कोमध्ये न सांगता एक दिवस असते, विंडोज सर्व्हरमध्ये आठ दिवस. ऑफिसात रोज तीच माणसं, तीच मशीन, तिथे एक ते आठ दिवसांत काहीही चालेल. लोक बदलते असतील तिथे कमी ठेवा.

लीज संपेपर्यंत मशीन गप्प बसत नाही. अर्धी मुदत झाली की ते आपल्याच सर्व्हरकडे मुदत वाढवून मागतं, साडेसत्त्याऐंशी टक्के झाली की जो ऐकेल त्याच्याकडे. एक दिवसाच्या लीजमध्ये हे बारा आणि एकवीस तासांवर येतं. त्यामुळे सर्व्हर सकाळी बंद पडला तर आधीपासून चालू असलेल्यांना लगेच कळत नाही, बोंब मारतात ते नव्याने आलेले. 'माझं चालतंय, त्याचं का नाही' याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

१२. कोचिंग क्लासमध्ये सकाळच्या बॅचला वायफाय चालतो, दुपारच्या बॅचला फोन नुसते 'आयपी मिळवत आहे' म्हणत फिरत राहतात. नेट कंपनीला शिव्या घालू का?

थांबा, त्यांचा दोष नसावा. २५५.२५५.२५५.० मास्कमध्ये वापरता येतील असे पत्ते २५४, त्यातून राखलेले वजा करा. लीज एक दिवसाची असेल तर सकाळची मुलं घरी जाऊन जेवून झोपली तरी त्यांचे पत्ते अडकलेलेच असतात. दुपारच्यांना द्यायला काही उरत नाही.

पहिला उपाय फुकट आहे: लीज कमी करा. बॅच दोन-तीन तासांची असेल तर 'लीज ० २', म्हणजे दोन तास. बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर भागतं.

दुसरी गोष्ट फोनची. अँड्रॉइड १० आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफाय नावासाठी वेगळा बनावट मॅक वापरतात. तुम्ही 'क्लास तळमजला', 'क्लास पहिला मजला', 'क्लास लायब्ररी' अशी तीन नावं ठेवलीत आणि तिन्ही एकाच व्हीएलॅनमध्ये असली, तर जिन्यावरून वर-खाली करणारा एकच मुलगा तीन पत्ते खातो. सर्व मजल्यांवर एकच नाव ठेवा. अ‍ॅक्सेस पॉइंट तीन असले तरी नाव एकच चालतं.

तरीही कमी पडलं तर रेंज मोठी करा. मास्क २५५.२५५.२५४.० केला की ५१० पत्ते मिळतात. मात्र अशी जोडी सम आकड्यापासूनच सुरू होते: १९२.१६८.१० आणि ११ एकत्र येतात, ११ आणि १२ येत नाहीत. आणि फिक्स आयपीवाल्या प्रत्येक यंत्रातला मास्कही हाताने बदलावा लागतो, नाहीतर ११ मधले फोन १० मधल्या प्रिंटरला हाका मारतील आणि प्रिंटर उत्तर भलतीकडे पाठवेल. मुलांच्या फोनना वेगळा व्हीएलॅन करून मोठी रेंज तिथेच देणं मला जास्त पटतं. फी भरण्याच्या काउंटरचं मशीन आणि दोनशे फोन एका नेटवर्कात असूच नयेत.

१३. विंडोज सर्व्हर एकच आहे, व्हीएलॅन चार. प्रत्येकात वेगळा सर्व्हर बसवावा लागेल का?

नाही, निरोप्या बसवा. प्रश्न १ मध्ये म्हटलं तसं ती हाक व्हीएलॅनबाहेर जात नाही. लेयर ३ स्विच ती ऐकतो आणि थेट सर्व्हरच्या पत्त्यावर पोचवतो. त्या व्हीएलॅनच्या इंटरफेसवर एक ओळ: 'आयपी हेल्पर-अ‍ॅड्रेस' आणि पुढे सर्व्हरचा आयपी. ही ओळ मागणाऱ्यांच्या व्हीएलॅनवर टाकायची, सर्व्हरच्या व्हीएलॅनवर टाकून उपयोग नाही. शिवाय 'आयपी राउटिंग' चालू हवं. सर्व्हरवर चारही रेंजचे वेगवेगळे स्कोप (विंडोजमध्ये पूलला हेच म्हणतात) करून ठेवा.

१४. हेल्पर टाकला, तरी आयपी येत नाही.

निरोप पाठवताना स्विच त्यात आपल्या त्या इंटरफेसचा पत्ता लिहितो. सर्व्हर तो वाचून स्कोप निवडतो आणि उत्तरही त्याच पत्त्यावर पाठवतो. मग अडण्याच्या जागा तीनच उरतात. त्या रेंजचा स्कोपच नाही, किंवा केलाय पण चालू केलेला नाही, मग सर्व्हर गप्प राहतो. सर्व्हरचा गेटवे चुकलाय, त्यामुळे निरोप पोचतो पण उत्तराला परतीची वाट नसते. किंवा मध्ये फायरवॉल आहे आणि यूडीपी ६७ अडवतोय. सर्व्हरवरून त्या इंटरफेसला पिंग करून बघा, दुसरी शंका लगेच मिटते.

एक कोपऱ्यातली गोष्ट: सिस्कोची हेल्पर ओळ डीएचसीपीबरोबर डीएनएस, टीएफटीपी, नेटबायोस वगैरे धरून आठ यूडीपी पोर्टांच्या हाका पुढे ढकलते. सर्व्हरच्या लॉगमध्ये भलतीच वर्दळ दिसली तर घाबरू नका. नको असलेले 'नो आयपी फॉरवर्ड-प्रोटोकॉल यूडीपी' ने बंद करता येतात.

१५. काही मशीनचं नेट चालतं, काहींचं नाही. ज्यांचं चालत नाही त्यांचा आयपी १९२.१६८.०.x, आमची रेंज तर १० ची आहे. हे कुठून आलं?

कुणीतरी घरून राउटर आणला आहे. जवळजवळ नेहमी हेच निघतं. अकाउंट्सच्या खोलीत वायफायची रेंज येत नव्हती, एकाने घरचा जुना वायफाय राउटर आणला, भिंतीतल्या पॉइंटची केबल त्याच्या लॅन पोर्टात घातली आणि चहा प्यायला गेला. तो डबाही पत्ते वाटायला तयारच असतो. एकाच सीटची तिकिटं कापणारे दोन कंडक्टर बसमध्ये चढले म्हणजे जे होईल ते होतं: ज्याचं उत्तर आधी पोचलं त्याचा पत्ता लागला. म्हणून बिघाड रोज वेगळ्या मशीनवर दिसतो आणि रीस्टार्ट केल्यावर कधी बरा होतो, कधी नाही.

पकडायचा असा. बिघडलेल्या विंडोज मशीनवर 'आयपीकॉन्फिग /ऑल' चालवा आणि डीएचसीपी सर्व्हरची ओळ वाचा. तो पत्ता तुमच्या स्विचचा नसेल तर तोच चोर. मग 'एआरपी -ए' मध्ये त्या पत्त्यापुढचा मॅक टिपा. स्विचवर 'शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल' मध्ये तो मॅक शोधला की पोर्टचा नंबर मिळतो. त्या पोर्टवर पुढे दुसरा स्विच असेल तर तिथे जाऊन पुन्हा तेच करा. शेवटी एका टेबलाखाली पोचाल.

राउटर फेकायची गरज नाही. त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याला तुमच्या रेंजमधला कायम पत्ता द्या, केबल लॅन पोर्टातच राहू द्या. आता तो नुसता वायफाय देईल. ज्यांना चुकीचे पत्ते मिळालेत त्यांच्यावर 'आयपीकॉन्फिग /रिलीज' आणि 'आयपीकॉन्फिग /रिन्यू', किंवा केबल काढून लावा. आणि आणणाऱ्यावर ओरडू नका, त्याच्या खोलीत खरंच रेंज येत नव्हती.

१६. परत असं होऊ नये म्हणून डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं, तर सगळ्या ऑफिसचंच बंद पडलं!

स्नूपिंग चालू झालं की स्विच सगळ्या पोर्टांवर अविश्वास दाखवतो: इथून हाक मारता येईल, ऑफर देता येणार नाही. खरा सर्व्हर ज्या पोर्टाच्या पलीकडे आहे तिथे 'आयपी डीएचसीपी स्नूपिंग ट्रस्ट' द्यायचं राहिलं की त्याचीही ऑफर अडते. म्हणून ट्रस्ट आधी, 'आयपी डीएचसीपी स्नूपिंग व्हीलॅन १०' नंतर, आणि नुसतं 'आयपी डीएचसीपी स्नूपिंग' सगळ्यात शेवटी.

ट्रस्ट दिलं तरी बंदच? मग ऑप्शन ८२ बघा. स्नूपिंग करणारा स्विच जाणाऱ्या हाकेत ती कुठल्या पोर्टवरून आली याची चिठ्ठी अडकवतो. वरचा सिस्को स्विच अशी चिठ्ठी बघतो, ती लावणाऱ्या निरोप्याचा पत्ता मात्र रिकामा असतो, आणि तो सगळं पाकीट टाकून देतो. खालच्या स्विचवर 'नो आयपी डीएचसीपी स्नूपिंग इन्फर्मेशन ऑप्शन' ही ओळ टाकली की सुटतं. या एका ओळीपायी लोकांच्या रात्री गेल्या आहेत.

१७. लाइट जाऊन आली की 'आयपी कॉन्फ्लिक्ट' चा मेसेज येतो. उन्हाळ्यात तर रोजचंच झालंय.

कुणाला कोणता पत्ता दिला याची वही सिस्को स्विच मेमरीत ठेवतो. स्विच बंद झाला की वही कोरी. लॅपटॉपना बॅटरी असते, ते मात्र जुना पत्ता धरून बसलेले असतात. पत्ता देण्याआधी स्विच दोनदा पिंग करून बघतो, पण विंडोजचा फायरवॉल बऱ्याचदा पिंगला उत्तर देत नाही किंवा फोन झोपलेला असतो. स्विचला वाटतं पत्ता मोकळा आहे.

वही फाइलमध्ये ठेवायला 'आयपी डीएचसीपी डेटाबेस' कमांड आहे. ते करा, पण त्याआधी स्विचला छोटा यूपीएस लावा. राउटरला यूपीएस आणि स्विच थेट बोर्डवर, हे चित्र इंदुरात दर दुसऱ्या दुकानात दिसतं. जे पत्ते भांडणात सापडले ते 'शो आयपी डीएचसीपी कॉन्फ्लिक्ट' मध्ये अडकून पडतात आणि साफ करेपर्यंत कुणालाच मिळत नाहीत: 'क्लिअर आयपी डीएचसीपी कॉन्फ्लिक्ट *'.

लाइटचा संबंध नसताना एकाच पत्त्यावर वारंवार भांडण होत असेल, तर कुणीतरी ऑटोच्या पट्ट्यातला पत्ता हाताने टाकला आहे. प्रश्न ५ चा कागद काढा.

१८. प्रिंटरसाठी आयपी राखून ठेवला, तरी तो वेगळाच घेतो.

आधी मॅक तपासा. वायफाय असलेल्या प्रिंटरला दोन मॅक असतात, केबलचा वेगळा. तुम्ही स्टिकरवरचा चुकीचा उचलला असेल.

मॅक बरोबर असेल तर ओळख सांगायची पद्धत बघा. बरीच यंत्रं मागताना मॅकच्या आधी ०१ लावून आपली ओळख देतात, आणि सिस्कोत 'क्लायंट-आयडेंटिफायर' मध्ये ते ०१ सकटच लिहावं लागतं. काही यंत्रं ओळख देतच नाहीत, त्यांना 'हार्डवेअर-अ‍ॅड्रेस' लागतो. अंदाज बांधू नका: प्रिंटरला एकदा ऑटो घेऊ द्या, 'शो आयपी डीएचसीपी बाइंडिंग' मध्ये त्याची ओळख जशी दिसेल तशी उतरवून घ्या. सिस्कोत प्रत्येक राखीव यंत्राला वेगळा पूल लागतो. शेवटी जुनी नोंद 'क्लिअर' करून प्रिंटर बंद-चालू करा.

१९. अख्खी रेंज बदलायची आहे. कधी करू?

राजवाड्याच्या आसपास दुकान असेल तर रंगपंचमीला. गेर (रंगांची मिरवणूक) असते, दुकान बंदच असतं, कुणी बिल मागायला येत नाही. बाकीच्यांनी रविवार धरावा. आदल्या दिवशी सकाळीच लीज एक तासावर आणून ठेवा. जुनी लीज एक दिवसाची असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत सगळे छोट्या मुदतीवर आलेले असतात आणि बदल केल्यावर तासाभरात आपोआप नव्या रेंजमध्ये येतात. फिक्सवाले तसे येत नाहीत. त्यांच्याकडे एकेक करून जावंच लागतं. शेवटी लीज पूर्ववत करा.

२०. कॅमेरेही ऑटोवर टाकू का? सोपं पडेल.

बसवताना सोपं पडेल, नंतर नाही. एनव्हीआर कॅमेऱ्याला पत्त्यावरून ओळखतो. पत्ता बदलला की पडद्यावर काळा चौकोन. फिक्स करा किंवा राखून ठेवा. कॅमेरे एनव्हीआरच्या स्वतःच्या पीओई पोर्टात (केबलमधूनच वीज देणाऱ्या) लावले असतील तर त्यांना तोच आतून पत्ते देतो, तुमच्या स्विचने तिथे काही करायचं नाही.

२१. आयपीव्ही६ (आयपीची नवी आवृत्ती) साठीही असंच सगळं करायचं का?

नाही. तिथे राउटरच्या घोषणेवरून बहुतेक मशीन स्वतःच पत्ता बनवतात. डीएचसीपीव्ही६ वेगळी चीज आहे आणि अँड्रॉइड फोन तिच्याकडून आपला सुटा पत्ता मागत नाहीत, म्हणून नुसत्या तिच्यावर विसंबू नका. छोट्या ऑफिसात राउटरवर आहे तसं राहू द्या.

२२. काका, जेल रोडवरून जुना सिस्को स्विच स्वस्तात घेतला. लावला तसं निम्म्या ऑफिसला १७२.१६ वाले आयपी यायला लागले. स्विच खराब निघाला का?

स्विच उत्तम आहे, फक्त अजून जुन्या मालकाची नोकरी करतोय. त्यांचा पूल त्याच्यात तसाच आहे. आधी तो नेटवर्कमधून काढा. कन्सोल लावून 'राइट इरेज', नंतर 'डिलीट फ्लॅश:व्हीलॅन.डॅट', मग 'रीलोड'. मधली पायरी गाळू नका: व्हीएलॅनची यादी वेगळ्या फाइलमध्ये असते, ती राइट इरेजने जात नाही. रीलोडच्या वेळी सेव्ह करायचं का असं विचारेल, तिथे नाही म्हणा. पासवर्ड माहीत नसेल तर समोरचं मोड बटण दाबून ठेवून स्विच चालू करा आणि पासवर्ड काढण्याची पद्धत वापरा. त्यानंतर प्रश्न ५ पासून सुरुवात करा, आणि रीसेट झालेला स्विच आधी एका लॅपटॉपवर एकटा तपासून मगच ऑफिसच्या केबल त्यात घाला.